जतचे निर्देशक : मोजणीच्या इतिहासातील स्थानांतरण व परावर्तन

एखादे गाव कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर दोन संख्यांनी देता येते, ही कल्पना आज शालेय पाठ्यपुस्तकातील एक साधी गोष्ट होऊन बसली आहे. परस्परांना लंब असलेल्या दोन अक्षरेषा, त्यांचा छेदबिंदू म्हणजे आरंभबिंदू, आणि त्यापासून मोजलेली दोन अंतरे. एवढ्या सामग्रीवर निर्देशक-प्रतल उभे राहते. या प्रतलावरील आकृती आकार न बिघडविता हलविण्याचे जे मार्ग आहेत, त्यांपैकी स्थानांतरण आणि परावर्तन हे दोन विद्यार्थ्यांस प्रथम शिकविले जातात. स्थानांतरणात प्रत्येक बिंदू एकाच दिशेने एकाच अंतराने सरकतो. परावर्तनात प्रत्येक बिंदू एका रेषेच्या पलीकडे तितक्याच अंतरावर जातो. दोहोंतही अंतरे, कोन व क्षेत्रफळ कायम राहतात. मग फरक कोणता? फरक एवढाच की, परावर्तनाने डावे उजवे होते.

हा फरक पाठ्यपुस्तकात एका ओळीत संपतो. जमिनीच्या मोजणीत मात्र त्यावर शेताचा शेजार, गावाची शीव आणि नकाशाची विश्वसनीयता अवलंबून असते. दख्खनच्या मोजणीच्या इतिहासात या दोन रूपांतरणांनी कोणती कामगिरी बजावली, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला असून त्यासाठी सांगली जिल्ह्यातील जत हे ठिकाण उदाहरण म्हणून घेतले आहे. जतची निवड सहेतुक आहे. डफळे घराण्याच्या जहागिरीचे हे ठाणे १९४८ साली संस्थानांच्या विलीनीकरणात मुंबई राज्यात आले, १९४९ साली नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात समाविष्ट झाले आणि १९६० साली त्या जिल्ह्यास सांगली हे नाव मिळाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विजापूर व बेळगाव हे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, तेव्हा जत तालुक्याची पूर्व व दक्षिण सीमा ही राज्यांची सीमा ठरली. गाव जागच्या जागी राहिले. परंतु त्याचा पत्ता ज्या चौकटीत सांगावयाचा, ती चौकट वारंवार बदलली. निर्देशकांच्या बाबतीतही जतचा इतिहास नेमका असाच आहे.

१. कल्पनेचा विकास

१६३७ साली देकार्तचा भूमितीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यावरून निर्देशक भूमितीचा आरंभ मोजण्याची प्रथा आहे. त्याच सुमारास फर्मानेही स्वतंत्रपणे तोच मार्ग चोखाळला होता. तथापि आज ज्याला आपण चार चरणांचे प्रतल म्हणतो, ते देकार्तच्या लेखनात आढळत नाही. त्याच्या दृष्टीने निर्देशक हे रेषाखंडांची लांबी होते आणि लांबी ऋण असू शकत नाही. ऋण निर्देशकांचा पद्धतशीर वापर न्यूटनने तृतीय घाताच्या वक्रांचे वर्गीकरण करताना केला; तो निबंध १७०४ साली छापला गेला. १७४८ साली ऑयलरने अनंत राशींच्या विश्लेषणावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात अक्षांचे स्थलांतर व परिभ्रमण यांची सूत्रे मांडली. आरंभबिंदू कोठे मानावा हे गणितज्ञाच्या इच्छेवर असून वक्राचा स्वभाव त्याने बदलत नाही, ही जाणीव येथपासून स्थिर झाली.

डाव्या-उजव्याचा प्रश्न मात्र बीजगणितापेक्षा तत्त्वज्ञानातून पुढे आला. डावा हात व उजवा हात यांत प्रत्येक बोटाची लांबी व प्रत्येक कोन सारखा असूनही एकाचा मोजा दुसऱ्यास बसत नाही. या भेदाकडे कांटने १७६८ साली लक्ष वेधले. पुढील वर्षी, म्हणजे १७६९ साली, माइस्टरने बहुभुजाकृतीच्या क्षेत्रफळास चिन्ह देण्याची कल्पना मांडली. शिरोबिंदू एका क्रमाने घेतले तर क्षेत्रफळ धन, उलट क्रमाने घेतले तर ऋण. मोबियसने १८२७ साली या विचारास शिस्त आणली. अखेरीस १८७२ साली फेलिक्स क्लाइनने असे प्रतिपादन केले की, भूमिती म्हणजे रूपांतरणांच्या एखाद्या समूहाखाली जे गुणधर्म अबाधित राहतात, त्यांचे शास्त्र होय. या भूमिकेतून पाहता स्थानांतरण हे मूलभूत नसून परावर्तन मूलभूत ठरते. कारण दोन समांतर रेषांतील लागोपाठच्या परावर्तनांचा परिणाम म्हणजे एक स्थानांतरण होय, आणि त्या सरकण्याचे अंतर दोन रेषांमधील अंतराच्या दुप्पट असते. याची सिद्धता दोन ओळींत संपते. य-अक्षात परावर्तन केल्यास क्ष चे ऋण क्ष होते; मग क्ष = अ या रेषेत परावर्तन केल्यास त्याचे २अ + क्ष होते. डावे-उजवे दोनदा उलटले म्हणजे मूळपदावर येते, उरते ते केवळ सरकणे.

युरोपातील हा विचारप्रवाह येथे थोडक्यात सांगण्याचे कारण असे की, त्याच काळात दख्खनमध्ये मोजणीचे जे काम चालू होते, त्यात हीच तत्त्वे नावावाचून वापरली जात होती.

२. टिपण आणि त्याची आरशातील प्रतिमा

मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीचा पहिला मोठा प्रयत्न प्रिंगल याने १८२० नंतरच्या दशकात केला आणि तो फसला. १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतले, आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने त्या पद्धतीस नियमबद्ध रूप दिले. या मोजणीचे साधन साधे होते : तेहतीस फुटांची साखळी आणि काटकोन साधण्याचा शंकू. साखळीचे सोळा आणे पाडलेले असत. एक साखळी लांब व एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर. ही योजना मोठी सोयीची होती, कारण साखळ्यांत मोजलेल्या बाजूंचा गुणाकार केला की उत्तर आपोआप गुंठ्यांत मिळे.

शेत मोजताना त्यातून एक आधाररेषा टाकली जाई. शेताच्या बांधावरील प्रत्येक वळणापासून या रेषेवर लंब घेत, आणि तो लंब आधाररेषेच्या आरंभापासून किती अंतरावर पडला व त्याची लांबी किती, हे दोन आकडे टिपणात नोंदवीत. हे दोन आकडे म्हणजे त्या वळणाचे निर्देशकच होत. पहिला आकडा भुज, दुसरा कोटि. भास्कराचार्यांच्या परंपरेत काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजूंस हीच नावे होती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. मोजणीदाराजवळ ऋण संख्या मात्र नव्हती. त्याऐवजी लंब रेषेच्या डावीकडे पडला की उजवीकडे, हे तो कागदावर त्या त्या बाजूस लिहून दाखवी. चिन्हाचे काम जागेने होई.

या रचनेतील धोका एका काल्पनिक शेताच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. एका चौकोनी शेताचे कोपरे, साखळीच्या मापात, (०, ०), (६, ०), (५, ४) आणि (१, ३) असे आहेत असे समजा. लागोपाठच्या कोपऱ्यांचे तिरकस गुणाकार करून त्यांची वजाबाकी घेतली असता अनुक्रमे ०, २४, ११ व ० मिळतात. बेरीज ३५, आणि तिचे अर्धे १७॥. शेत साडेसतरा गुंठ्यांचे ठरते. आता आरंभबिंदू दुसरीकडे मानला आणि प्रत्येक कोपऱ्याच्या भुजात १०० व कोटीत ४० मिळविले, तरी उत्तर साडेसतराच येते. हे स्थानांतरण होय. त्याने काहीही बिघडत नाही. परंतु नक्कल करणाऱ्या कारकुनाने सर्व लंब चुकून रेषेच्या दुसऱ्या बाजूस लिहिले, तर कोपरे (०, ०), (६, ०), (५, −४) व (१, −३) असे होतात. क्षेत्र पुन्हा साडेसतराच भरते. प्रत्येक बांधाची लांबी तीच, प्रत्येक कोपऱ्याचा कोनही तोच. शेत मात्र आधाररेषेच्या पलीकडे, दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन बसते.

मोजणीच्या कामावर देखरेख ठेवण्याचा सर्वांत स्वाभाविक मार्ग म्हणजे क्षेत्रफळ पुन्हा काढून पाहणे. एखादा लंब चुकीचा मोजला असेल तर हा मार्ग ती चूक पकडतो. संपूर्ण टिपण उलटे झाले असेल तर तो निरुपयोगी ठरतो, कारण परावर्तनात क्षेत्रफळाचे परिमाण बदलत नाही. बदलते ते केवळ माइस्टरने सांगितलेले चिन्ह. पहिल्या क्रमाने घेतलेले क्षेत्र अधिक साडेसतरा, तर उलट्या टिपणाचे उणे साडेसतरा. जो कारकून उत्तर लिहिताना चिन्ह सोडून देतो, तो चूक उघडी करणारा एकमेव पुरावाच पुसून टाकतो.

३. चतुःसीमा : एक जुनी तपासणी

येथे प्रश्न उपस्थित होतो की, चिन्हयुक्त क्षेत्रफळाची कल्पना ज्यांना ठाऊक नव्हती, त्या काळातील व्यवहार या चुकीपासून सुरक्षित कसा राहिला. याचे उत्तर जमिनीच्या दस्तऐवजांतच सापडते. महाराष्ट्रातील खरेदीखतात आजही जमिनीचे क्षेत्र सांगून भागत नाही. तिची चतुःसीमा द्यावी लागते. पूर्वेस कोण, दक्षिणेस कोण, पश्चिमेस कोण व उत्तरेस कोण. ही रीत अव्वल इंग्रजी अमदानीतील नव्हे. मध्ययुगीन ताम्रपटांत दान दिलेल्या भूमीचे वर्णन ‘चतुराघाटविशुद्ध’ असे करून चारही आघाट नोंदविण्याचा प्रघात दिसतो, आणि अनेक ठिकाणी त्या दिशांचा क्रम पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर असा प्रदक्षिणेचा असतो.

गणिताच्या भाषेत बोलावयाचे तर हा क्रम आकृतीचा अभिमुखतेचा निर्देशक आहे. स्थानांतरणाने प्रदक्षिणेचा क्रम बदलत नाही. परावर्तनाने तो अप्रदक्षिण होतो, अथवा निदान दोन समोरासमोरचे शेजारी आपापल्या जागा बदलतात. शेत उत्तर-दक्षिण रेषेत उलटले असेल तर पूर्वेचा शेजारी पश्चिमेस आणि पश्चिमेचा पूर्वेस गेलेला दिसेल, आणि गावातील कोणताही शेतकरी ती चूक टिपण न वाचताही सांगू शकेल. क्षेत्रफळ जी गोष्ट सांगू शकत नाही, ती शेजाऱ्यांची नावे सांगतात. या दोन नोंदी परस्परपूरक आहेत. क्षेत्राची नोंद आकाराची साक्ष देते, चतुःसीमेची नोंद दिशेची. दोहोंपैकी एकच ठेवून दुसरी पुनरुक्ती म्हणून वगळणे हे गणिताच्या दृष्टीने असमर्थनीय ठरते.

४. त्रिकोणमापन आणि तिसऱ्या चरणातील जत

गावची मोजणी स्थानिक होती. प्रत्येक टिपणाची आधाररेषा वेगळी, प्रत्येकाचा आरंभबिंदू वेगळा. देशव्यापी चौकटीचे काम निराळ्या यंत्रणेने केले. विल्यम लॅम्टनने १८०२ साली मद्रासजवळ आपली पहिली आधाररेषा मोजली. त्याच्या कामास १८१८ मध्ये महात्रिकोणमापन हे नाव व स्वतंत्र स्थान मिळाले. लॅम्टनचा मृत्यू १८२३ साली वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे, मोजणीच्या प्रवासातच, झाला. त्याचा उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट याने ७८ अंश पूर्व रेखावृत्ताजवळून जाणारा महाचाप उत्तरेकडे नेला आणि १८३० साली पृथ्वीच्या आकाराची जी मापे प्रसिद्ध केली, ती भारतीय नकाशांचा पाया बनली. मध्य भारतातील कल्याणपूर हे त्या चौकटीचे मूलस्थान ठरले. दूरच्या ठाण्यांचा वेध घेण्यासाठी आरशाने सूर्यकिरण परावर्तित करणारे, गाऊसने १८२१ साली शोधलेले, सूर्यदर्शक यंत्र या कामात वापरले गेले. परावर्तनाने येथे मोजणीस साहाय्यच केले, हे नमूद करावयास हवे.

त्रिकोणमापनाने प्रत्येक ठाण्याचे अक्षांश-रेखांश मिळाले. परंतु अंशांमध्ये अंतरे मोजणे सैनिकाला वा अभियंत्याला गैरसोयीचे असते. म्हणून विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतीय सर्वेक्षण खात्याने लॅम्बर्टच्या शंकुप्रक्षेपावर आधारलेली चौकोनी जाळी स्वीकारली. देशाचे पट्टे पाडून प्रत्येक पट्ट्यास स्वतंत्र आरंभबिंदू देण्यात आला. जत ज्या पट्ट्यात येते, त्याचा आरंभबिंदू १९ अंश उत्तर अक्षवृत्त व ८० अंश पूर्व रेखावृत्त यांच्या छेदावर मानलेला होता. जतचे अक्षांश सुमारे १७ अंश ३ कला उत्तर आणि रेखांश ७५ अंश १३ कला पूर्व. म्हणजे ते आरंभबिंदूच्या पश्चिमेसही पडते आणि दक्षिणेसही. गणित करून पाहता, स्थूल मानाने, जत आरंभबिंदूच्या ५ लक्ष ५६ हजार यार्ड पश्चिमेस आणि २ लक्ष २८ हजार यार्ड दक्षिणेस येते. दोन्ही निर्देशक ऋण. जत तिसऱ्या चरणात.

या ऋण चिन्हांचे व्यवहारात काय झाले असते, याची कल्पना करणे बोधप्रद आहे. तारेने अथवा तोंडी निरोपाने स्थळ कळविताना पहिल्या आकड्याचे चिन्ह गळाले, तर ते मध्य रेखावृत्तातील परावर्तन होते, आणि जत ८४ अंश ४७ कला पूर्व रेखांशावर, म्हणजे बंगालच्या उपसागरात, जाऊन पडते. दुसऱ्या आकड्याचे चिन्ह गळाले तर ते आडव्या अक्षातील परावर्तन, आणि जत खानदेशात पारोळ्याच्या आसपास येते. दोन्ही चिन्हे गळाली तर ते ओडिशात पोहोचते. ही चूक परावर्तनाची नसून अर्ध्या फेऱ्याच्या परिभ्रमणाची होय, कारण दोन परस्परलंब रेषांतील परावर्तनांचा एकत्र परिणाम परिभ्रमण असतो. चुकीच्या या तीन प्रकारांपैकी पहिली हास्यास्पद असल्यामुळे लगेच लक्षात येते. दुसरी तितकी सहज येणार नाही, कारण पारोळ्याच्या परिसरातही तशीच गावे व तसेच रस्ते आहेत.

सर्वेक्षण खात्याने यावर योजलेला उपाय म्हणजे स्थानांतरण. आरंभबिंदूस (०, ०) न म्हणता त्याचे निर्देशक ३० लक्ष यार्ड पूर्व आणि १० लक्ष यार्ड उत्तर असे मानावयाचे, हे ठरले. परिणामी जतचे निर्देशक सुमारे २४ लक्ष ४४ हजार व ७ लक्ष ७२ हजार असे झाले. दोन्ही धन. संपूर्ण पट्ट्यातील प्रत्येक स्थळ पहिल्या चरणात येऊन बसले. या मिळविलेल्या संख्यांस कल्पित पूर्वांतर व कल्पित उत्तरांतर म्हणता येईल.

ही योजना केवळ सोयीसाठी होती, असा तिचा अर्थ लावण्यात येतो. ऋण संख्यांची वजाबाकी सामान्य माणसास अवघड जाते, म्हणून त्या टाळल्या, हे खरेच आहे. परंतु वरील विवेचनावरून तिचे अधिक खोल समर्थन ध्यानात येईल. सर्व स्थळे एकाच चरणात असली की, चिन्ह गळण्याची शक्यताच उरत नाही, आणि चिन्ह गळणे म्हणजेच परावर्तन असल्यामुळे परावर्तनाची चूक मुळातच उपटली जाते. शिवाय स्थानांतरणामुळे अंतर, कोन, क्षेत्रफळ व अभिमुखता यांपैकी कशासही धक्का लागत नाही. निरुपद्रवी रूपांतरण एकदाच व जाणूनबुजून करून उपद्रवी रूपांतरण कायमचे टाळावयाचे, असे या युक्तीचे सार आहे. यावर असा आक्षेप घेता येईल की, मोठे आकडे लिहिताना अंकांच्या चुका वाढतात. तो आक्षेप खोटा नव्हे. तथापि अंकाची चूक शेजारच्या स्थळांशी ताडून पाहता पकडता येते. संपूर्ण उलटलेली नोंद स्वतःशी सुसंगत असल्यामुळे आतून पकडता येत नाही.

५. छापखान्यातील परावर्तन

नकाशा काढला की तो छापावा लागतो, आणि येथे परावर्तन टाळता येत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस झेनेफेल्डरने शोधून काढलेल्या शिळाछापाच्या कलेत दगडावरील आकृती कागदावर उलटी उमटते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी याच कलेवर पंचांगे छापली, तेव्हा दगडावरील मजकूर आरशातल्याप्रमाणे असणे अपरिहार्य होते. अक्षरे उलटी झाली तर ती चूक वाचकाच्या लगेच ध्यानात येते. नकाशातील ओढा किंवा बांध उलटा झाला तर ती चूक कोणास कळावी? म्हणून नकाशावर अक्षरे असणे हे केवळ नावे सांगण्यासाठी नसून, आकृती सुलट असल्याचा तो पुरावाही असतो.

१८६० च्या सुमारास इंग्लंडमधील सर्वेक्षण खात्यात जस्ताच्या पत्र्यावर छायाचित्राच्या साहाय्याने नकाशे उतरविण्याची पद्धत सिद्ध झाली. पुढे पुणे येथेही या कामासाठी सरकारी कचेरी निघाली, आणि तेथील फोटोझिंको मुद्रणालयाचे नाव महाराष्ट्रातील गावनकाशांशी कायमचे जोडले गेले. या प्रक्रियेत काच, पत्रा व कागद अशा पायऱ्यांवर आकृती एकाहून अधिक वेळा उलटते, आणि एकूण उलटण्यांची संख्या सम असावी एवढीच दक्षता कारागिरास घ्यावी लागते. विसाव्या शतकातील ऑफसेट छपाईत हेच तत्त्व यंत्रातच गुंफलेले आहे. पत्र्यावरील आकृती सुलट, रबरी चादरीवर उलटी, कागदावर पुन्हा सुलट. दोन परावर्तनांनी डावे-उजवे मूळपदावर येते, हा वर दिलेला सिद्धांत कारागिराने कधी सूत्ररूपाने शिकलेला नसतो. परंतु तो पाळल्यावाचून त्याचे काम चालत नाही.

६. नवे अक्ष

२००५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार सर्वांस खुल्या असलेल्या नकाशांसाठी नवी चौकट स्वीकारण्यात आली. एव्हरेस्टच्या मापांऐवजी १९८४ ची जागतिक प्रणाली, आणि शंकुप्रक्षेपाऐवजी सार्वत्रिक आडवा मर्केटर प्रक्षेप. या चौकटीत ७२ ते ७८ अंश पूर्व रेखांशांमधील पट्टा त्रेचाळिसावा असून त्याचा मध्य ७५ अंशांचे रेखावृत्त होय. जत या रेषेच्या सुमारे २३ किलोमीटर पूर्वेस पडते, तर जिल्ह्याचे मुख्य ठिकाण सांगली सुमारे ४६ किलोमीटर पश्चिमेस. जुन्या जाळीत मध्य रेषेच्या पश्चिमेस असलेले जत नव्या जाळीत तिच्या पूर्वेस आले. गाव हलले नाही, अक्ष सरकला.

एकाच जिल्ह्यातील दोन ठिकाणे मध्य रेषेच्या दोन बाजूंस येणे हे परावर्तनाच्या चुकीला आमंत्रणच होय. सांगलीचे चिन्ह गळाले असते, तर ती ७५ अंश २६ कला रेखांशावर, विजापूर शहराच्या पश्चिमेस अवघ्या तीस किलोमीटरांवर दिसली असती. येथेही उपाय तोच : पाच लक्ष मीटरांचे कल्पित पूर्वांतर. त्यामुळे जतचा पूर्वांतर सुमारे ५ लक्ष २३ हजार मीटर आणि सांगलीचा सुमारे ४ लक्ष ५४ हजार मीटर होतो. उत्तर गोलार्धात विषुववृत्तापासूनच मोजले जात असल्याने उत्तरांतरास काही मिळवावे लागत नाही. जतचे ते सुमारे १८ लक्ष ८५ हजार मीटर येते.

जुन्या जाळीवरून नव्या जाळीवर जाणे हे केवळ स्थानांतरण आहे, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती दूर करणे अगत्याचे आहे. मध्य रेखावृत्तापासून दूर गेले असता जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक पडतो. जुन्या जाळीत जत मध्यापासून जवळजवळ पावणेपाच अंश दूर असल्यामुळे हा फरक तेथे दीड अंशाहून थोडा अधिक होता. नव्या जाळीत तो काही कलांपुरताच आहे. म्हणजे दोन जाळ्यांमध्ये सुमारे एक पूर्णांक सहा दशांश अंशाचे परिभ्रमणही आहे. दोन्ही नकाशे एकाच प्रमाणात आणून, जाळीच्या रेषा समांतर ठेवून, जतवर जत ठेवले, तर दहा किलोमीटर दूरच्या गावात सुमारे २८० मीटरांची तफावत येईल. बांध, ओढा किंवा शीव यांच्या वादात ही तफावत क्षुल्लक म्हणता येत नाही. ज्या तालुक्याची कडा हीच राज्याची कडा आहे, आणि ज्यातील काही गावांचा उल्लेख महाराष्ट्र-कर्नाटक सीमावादात झालेला आहे, त्याच्या बाबतीत तर नाहीच नाही.

शुद्ध स्थानांतरणाचे स्थान या बदलात निराळ्या ठिकाणी आहे. एव्हरेस्टच्या मापांनी कल्पिलेल्या पृथ्वीचा मध्यबिंदू आणि उपग्रहांच्या साहाय्याने ठरविलेला मध्यबिंदू एक नव्हेत. भारत व नेपाळसाठी आंतरराष्ट्रीय वापरात असलेल्या तक्त्यात हे अंतर तीन परस्परलंब अक्षांवर अनुक्रमे २९५, ७३६ व २५७ मीटर असे दिले आहे. एकत्रितपणे ते सुमारे ८३४ मीटर होते. येथे प्रतलाऐवजी त्रिमिती अवकाश आहे, परंतु क्रिया तीच, म्हणजे प्रत्येक बिंदूस तीच तीन पदे मिळविणे.

७. उपसंहार

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, स्थानांतरण व परावर्तन ही रूपांतरणे अभ्यासक्रमात येण्याच्या फार पूर्वी मोजणीदाराच्या टिपणात, छापखान्याच्या दगडावर आणि दस्तऐवजाच्या चतुःसीमेत वावरत होती. दुसरी अशी की, अंतर व क्षेत्रफळ यांच्या कसोटीवर ही दोन रूपांतरणे सारखीच उतरतात, आणि म्हणूनच परावर्तनाची चूक सामान्य तपासणीतून निसटते. तिला पकडण्यासाठी अभिमुखतेची स्वतंत्र नोंद लागते. तिसरी अशी की, कल्पित पूर्वांतराची युक्ती ही एका रूपांतरणाने दुसऱ्यास पायबंद घालण्याची युक्ती असून, तिचे महत्त्व गणनसौकर्यापुरते मर्यादित नाही.

अध्यापनाच्या दृष्टीने या इतिहासाचे एक प्रत्यक्ष फलित आहे. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषानिर्मितीचे काम हाती घेतल्यापासून गणिताचे उच्च शिक्षण मराठीतून देण्याचा प्रयत्न चालू आहे. संज्ञा सिद्ध झाल्या. त्यांना स्थानिक उदाहरणांची जोड मात्र क्वचितच मिळते. परावर्तन शिकविताना आरसा व फुलपाखरू यांचीच उदाहरणे दिली जातात. त्याऐवजी विद्यार्थ्याच्या हाती त्याच्याच गावचे टिपण आणि त्याच शेताचे खरेदीखत देऊन, चतुःसीमेवरून टिपण सुलट आहे की उलट हे ठरविण्यास सांगितले, तर अभिमुखता ही केवळ चिन्हाची बाब नाही, हे त्यास उमगेल. जतच्या विद्यार्थ्यास तर आपल्या गावाची दोन निर्देशकयुग्मे, जुनी व नवी, शेजारी शेजारी मांडून ती एकमेकांशी का जुळत नाहीत, याचा शोध घेता येईल. त्या शोधात प्रक्षेप, परिभ्रमण, स्थानांतरण आणि परावर्तन ही चारही प्रकरणे आपापल्या जागी उलगडतील.